देवावाचून नीती : गोपाळ गणेश आगरकर

होळकरांच्या राज्यात मराठी कुटुंबे इंदुरास येऊन स्थायिक झाली, तेव्हा त्यांनी आपली देवघरे आणि आपल्या पोथ्याही बरोबर आणल्या. आमच्या विजय नगराकडील वस्ती नव्या काळातील असली, तरी तेथील मराठी घरांतूनही सायंकाळी देवापुढे दिवा लागतो. अशा घरात वाढणाऱ्या मुलाच्या मनात एखादे वेळी प्रश्न येतो : जो देव मानीत नाही, तो मनुष्य चांगला असू शकेल काय? या प्रश्नाची फोड महाराष्ट्रात एका पुरुषाने लेखणीने केली आणि त्याहूनही अधिक स्वतःच्या आयुष्याने केली. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरात अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण त्यांना करावी लागली; मध्यंतरी कचेरीत उमेदवारीही करावी लागली. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा गुणग्राही शिक्षक लाभला आणि १८७५ साली मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे मिल्ल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्यांच्या ग्रंथांनी त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि तेथेच बाळ गंगाधर टिळक यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. एम. ए. ची परीक्षा जवळ आली असता त्यांनी आईस लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. मोठ्या पगाराची आशा धरू नये, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण सर्व वेळ परहितासाठी वेचणार आहोत, असा त्याचा आशय होता. ज्या माउलीने हालअपेष्टांत दिवस काढले तिला असे लिहिणे सोपे नव्हते.

पुढे न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादकत्व आणि १८८५ सालचे फर्ग्युसन कॉलेज ही कार्ये एकामागून एक आली. कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या कोठडीत दोघा मित्रांचे वाद इतक्या मोठ्याने चालत की पहारेकऱ्यांना त्यांना गप्प करावे लागे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतरही याच बंदिवासातील. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, या प्रश्नावर दोघांची वाट पुढे वेगळी झाली. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला व १८८८ च्या ऑक्टोबरात स्वतःचे ‘सुधारक’ पत्र काढले. त्याच्या इंग्रजी भागाचे काम गोपाळ कृष्ण गोखले पाहत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या काळचे इतर सुधारक देव सोडून बोलत नव्हते. न्यायमूर्ती रानडे प्रार्थनासमाजाचे. त्यांची सुधारणा ईश्वरभक्तीच्या आधाराने चाले. महात्मा फुल्यांनीही पुरोहितशाही झुगारली, पण जगाचा एक ‘निर्मीक’ मानला. आगरकर याहून पुढे गेले. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात त्यांनी देवतांच्या कल्पना मनुष्याच्या मनात कशा उपजल्या असाव्यात, याचा विचार केला. निसर्गाच्या प्रचंड शक्तींचे भय, स्वप्नात दिसणारी मृत माणसे, पूर्वजांविषयीचा आदर यांतून त्या कल्पना वाढत गेल्या, असे त्यांचे प्रतिपादन. देव नाहीच असे सिद्ध करून दाखविल्याचा आव मात्र त्यांनी आणला नाही. विश्वाचे आदिकारण मनुष्यबुद्धीच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून त्याविषयी ठाम विधान करू नये, ही त्यांची भूमिका. तिला अज्ञेयवाद म्हणतात, आणि नास्तिक्य व अज्ञेयवाद यांतील हा भेद विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावा.

मग नीतीचे काय? आगरकरांच्या मते मनुष्यांना एकत्र राहावयाचे असते, म्हणून नीती लागते; ज्या आचरणाने मनुष्यांचे सुख वाढते ते चांगले व ज्याने दुःख वाढते ते वाईट. म्हणूनच बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांना विद्येची बंदी या रूढींना त्यांनी शास्त्रवचनांचा आधार शोधला नाही. त्या रूढींखाली रडणाऱ्या मुलींचे दुःख हाच त्यांचा पुरावा होता. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने मुलींची संमतीची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली, तेव्हा ते कायद्याच्या बाजूने उभे राहिले आणि टिळक विरुद्ध बाजूस होते. आम्हांस येथे एक शंका येते : पुष्कळांच्या सुखासाठी थोड्यांना दुःख सोसावे लागले तर काय करावे? मिल्लच्या मतावर हा आक्षेप आजही घेतला जातो, आणि केवळ सुखाच्या मापाने तो पुरता सुटतो असे आम्हांस वाटत नाही. परंतु आगरकरांच्या समोरचा प्रश्न उलटा होता. त्या काळी मूठभरांच्या सोयीसाठी अर्धा समाज दुःखात होता.

पुण्यातील सनातन्यांना हे सहन झाले नाही. त्यांनी आगरकरांची प्रतिमा तिरडीवर घालून जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. देव न मानणारा मनुष्य अनाचारी व्हावयाचाच, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात हा मनुष्य अत्यंत साधेपणाने राहत होता, कॉलेजात शिकवीत होता, आणि दम्याने जर्जर झालेल्या देहाने दर आठवड्यास ‘सुधारक’चे लेख लिहीत होता. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. बाहेर मोठ्या वेतनाच्या संधी होत्या, पण आईस दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. स्वर्गाची आशा नाही, नरकाचे भय नाही, तरीही वचन पाळणारा असा पुरुष आपल्या विरोधकांच्या युक्तिवादाला मोठीच अडचण होऊन बसला होता.

१७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पुरी होण्याच्या आतच, आगरकरांचा अंत झाला. आपल्या मरणाचा भार दुसऱ्या कोणावर पडू नये म्हणून अंत्यविधीपुरते पैसे एका पुडीत बांधून त्यांनी आधीच बाजूस ठेवले होते, असे त्यांच्याविषयी सांगतात.