सावेदादा : मुंबई कॅमेऱ्यात टिपणारे हरिश्चंद्र भाटवडेकर



भारतीय चित्रपटाचे जनक कोण, असं वर्गात विचारलं की मुलं पटकन दादासाहेब फाळके यांचं नाव सांगतात. उत्तर बरोबरच आहे. १९१३ मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. पण त्याच्या चौदा वर्षं आधी मुंबईतल्याच एका मराठी माणसाने कॅमेरा फिरवून हलती चित्रं टिपली होती. त्यांचं नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लोक त्यांना सावेदादा म्हणून ओळखत. आज त्यांची ओळख करून घेऊया, आणि ज्या इमारतींशी त्यांचं आयुष्य जोडलेलं होतं त्यांचं पुढे काय झालं तेही पाहूया.

सावेदादांचा जन्म १५ मार्च १८६८ चा. व्यवसायाने ते छायाचित्रकार होते. त्या काळात फोटो म्हणजे एका जागी थिजलेलं चित्र. माणूस उभा तर उभाच, बसलेला तर बसलेलाच. पण ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत काळा घोडा भागातल्या वॉटसन हॉटेलमध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवण्यात आली. त्यांचा माणूस ऑस्ट्रेलियाला जाताना वाटेत मुंबईला थांबला होता. छोट्या छोट्या सहा फिल्म आणि तिकीट एक रुपया! त्या काळी एक रुपया ही मोठी रक्कम होती. आठवडाभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये हलले. तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत तिकिटं ठेवली गेली. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळी बसण्याची सोयही केली होती. म्हणजे सिनेमा सामान्य माणसापर्यंत आणि बायकांपर्यंत पोहोचायला तिथूनच सुरुवात झाली.

ही हलती चित्रं पाहून लोक थक्क झाले आणि घरी गेले. सावेदादा मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. हे आपल्यालाही करता येईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला. किंमत होती २१ गिनी. शिकवायला कोणी नव्हतं. पण फोटोग्राफीचं ज्ञान आणि धडपड करायची तयारी एवढं भांडवल त्यांच्याकडे होतं.

१८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लावण्यात आली. सावेदादांनी ती कॅमेऱ्यात टिपली. भारतीय माणसाने घेतलेली ही पहिली फिल्म मानली जाते. गंमत बघा, पहिल्या फिल्मचा विषय कोणी राजा किंवा देव नव्हता, आपल्या मातीतली कुस्ती होती! ती फिल्म धुण्यासाठी मात्र थेट लंडनला पाठवावी लागली. तोवर ते स्वस्थ बसले नाहीत. प्रोजेक्टर घेऊन त्यांनी परदेशी फिल्मचे खेळ उघड्यावर दाखवायला सुरुवात केली. माकडांना खेळ शिकवतानाची एक फिल्मही त्यांनी घेतली.

रँग्लर र. पु. परांजपे हे कोकणातल्या मुर्डी गावचे. केंब्रिजमध्ये गणितात पहिले येऊन ते सीनियर रँग्लर झाले. डिसेंबर १९०१ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांचं मोठं स्वागत झालं. ते दृश्य सावेदादांनी टिपलं. भारतातला पहिला बातमीपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे या याच रँग्लरांची नात, हेही मुलांना जरूर सांगा.

पुढे सावेदादांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि मुंबईच्या गेटी थिएटरचा कारभार पाहिला. २० फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचं निधन झालं. तोवर मूकपट जाऊन बोलपट आले होते, गावोगावी टॉकीज उभ्या राहिल्या होत्या. हा सगळा प्रवास त्यांच्या हयातीत झाला.

आता मन खिन्न करणारी गोष्ट. सावेदादांची ती कुस्तीची फिल्म आज आपल्याला पाहता येत नाही. परांजप्यांच्या स्वागताचीही नाही. जुन्या फिल्म नाजूक, लगेच पेट घेणाऱ्या. त्या जपून ठेवाव्यात, असं तेव्हा फारसं कोणाला वाटलंच नाही.

मग इमारतींचं काय? वॉटसन हॉटेल बंद पडलं. लोखंडी सांगाड्याची ती देखणी इमारत एस्प्लनेड मॅन्शन झाली, तिच्यात लहान लहान गाळे पडले. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. नॉव्हेल्टी गेलं, त्या जागी पुढे एक्सेलसियर आलं. गेटीचं कॅपिटॉल सिनेमा झालं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरची ही इमारत, पण तिथले खेळही थांबले. समोरून रोज लाखो लोक जातात. त्यातल्या किती जणांना सावेदादा माहीत असतील?

ही गोष्ट फक्त मुंबईची नाही. आपल्या तालुक्याच्या गावातही एखादी टॉकीज होती. आज तिथे मंगल कार्यालय असेल, दुकानं असतील, नाहीतर नुसतं कुलूप असेल. जत्रेतला तंबूतला सिनेमा आठवणारे आजी-आजोबा अजून आपल्यात आहेत. परिसर अभ्यास शिकवताना मुलांना एवढंच काम द्या : टॉकीजचं नाव काय होतं, कोणत्या साली सुरू झाली, तिकीट किती होतं, बायका कुठे बसायच्या, शेवटचा खेळ कधी झाला, आज त्या जागी काय आहे. आजी-आजोबांना विचारून वहीत लिहायचं, जमलं तर इमारतीचा एक फोटो काढायचा. प्रत्येक माहितीखाली सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायला सांगा. दोघांनी वेगवेगळं साल सांगितलं तर दोन्ही लिहायची. इतिहास कसा गोळा होतो, हे मुलांना त्यातूनच कळेल.

सावेदादांच्या फिल्म आपण जपू शकलो नाही. निदान आपल्या गावच्या टॉकीजची चार पानं तरी शाळेच्या कपाटात राहू द्या. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम होईल.