पाडण्याआधी फिरून बघा

२ ऑक्टोबर म्हटलं की तुम्हाला गांधीजी आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांच्या पंधरा वर्षं आधी, २ ऑक्टोबर १८५४ ला, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर नावाच्या गावात आणखी एक मुलगा जन्मला होता. पुढे तो मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचा पहिला प्राध्यापक झाला. गंमत म्हणजे त्याच्याकडे स्वतःची एकही डिग्री नव्हती. परीक्षांचा त्याला मनापासून कंटाळा!

त्याचं नाव पॅट्रिक गेडिस. आज जगभरातली नगररचनेची मुलं त्याचं नाव अभ्यासक्रमात वाचतात. पण तुम्ही आर्किटेक्चरला असा, कॉमर्सला असा नाहीतर मायक्रोबायोलॉजीला, हा माणूस तुमच्या कामाचा आहे. कारण तुमच्या शहरातही एक जुनी पेठ असणार. कधीकाळी तिथं शहराचा सगळा व्यापार चालायचा. आता वाडे वाकलेत, ज्यांना जमलं ते नव्या भागात राहायला गेले, दुकानांना टाळी लागताहेत. या पेठेचं करायचं काय, असं विचारलं की दोनच उत्तरं येतात. पाडून टाका, किंवा आहे तसं राहू द्या. गेडिसनी आयुष्यभर तिसरं उत्तर शोधलं.

आठवडाभराचं कॉलेज

पॅट्रिकचे वडील सैन्यातले. त्याचं बालपण पर्थ शहराजवळच्या टेकडीवर गेलं. वडिलांनी त्याला बागकाम शिकवलं आणि आजूबाजूच्या डोंगरात भरपूर हिंडू दिलं. मुलाने स्थिर नोकरी धरावी म्हणून त्याला बँकेत चिकटवलं, पण तिथं त्याचं मन रमलं नाही. मग वनस्पतिशास्त्र शिकायला तो एडिंबरा विद्यापीठात गेला आणि शिकवण्याची पद्धत बघून आठवडाभरातच रामराम ठोकून बाहेर पडला. नंतर लंडनला थॉमस हक्सली या नामवंत जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली तो शिकला. प्रयोगशाळेत काम करताना खुद्द चार्ल्स डार्विनची भेट झाली. गाडी रुळावर आली होती.

आणि १८७९ मध्ये मेक्सिकोत संशोधन करताना त्याचे डोळेच गेले. कितीतरी आठवडे त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत राहावं लागलं. वय वर्षं पंचवीस. सूक्ष्मदर्शकावर करिअर करायला निघालेल्या तरुणाचं तेव्हा काय झालं असेल, विचार करा. दृष्टी हळूहळू परतली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणं आता शक्य नव्हतं. त्या अंधारात तो खिडकीची तावदानं बोटांनी चाचपत बसायचा. त्या चौकटींवरून कल्पना कप्प्यांत मांडून एकमेकींशी जोडायची एक पद्धत त्याने तयार केली. पुढे जन्मभर तो कागदाच्या घड्या घालून असाच विचार करत राहिला.

आता नजर सूक्ष्मदर्शकातून निघून माणसांकडे वळली. रोपटं मातीपासून तोडून समजत नाही, तशी माणसं त्यांच्या जागेपासून आणि कामधंद्यापासून तोडून समजत नाहीत, हा त्याचा मूळ विचार. जागा, काम आणि लोक या तिन्हींचा एकत्र अभ्यास करायचा.

बाकीचे बाहेर पडत होते तेव्हा

त्या काळचं एडिंबरा डोळ्यांसमोर आणा. किल्ल्याच्या टेकडीवरून उतरणारा एक मोठा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना अरुंद बोळ, आणि बोळांत आठ-आठ, दहा-दहा मजली दगडी इमारती. एके काळी इथं न्यायाधीश, सरदार, विद्वान आणि मजूर एकाच जिन्याने चढ-उतार करायचे. १७६७ मध्ये पलीकडे सरळ रस्त्यांच्या, प्रशस्त घरांच्या न्यू टाउनचा आराखडा मंजूर झाला. ज्यांच्या खिशात पैसे होते ते एकेक करून तिकडे गेले. मागे उरली ती गरिबी आणि डागडुजी न झालेल्या भिंती. एकेका घरात कितीतरी कुटुंबं कोंबली गेली. १८६१ च्या नोव्हेंबरात भर रस्त्यावरची एक इमारत रात्री कोसळली आणि ३५ माणसं गेली.

मग सरकार जागं झालं. १८६७ मध्ये कायदा करून जुन्या वस्तीचे मोठे तुकडे पाडायला आणि रुंद रस्ते काढायला सुरुवात झाली. हवा-उजेड आला हे खरं. पण घरं पडली त्यातली माणसं कुठे गेली? शेजारच्या बोळात! तिथली गर्दी वाढली. म्हणजे रोग एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत हलवला, एवढंच.

गेडिस तेव्हा एडिंबऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. १८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टनशी त्यांचं लग्न झालं. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची संगीत शिकलेली ही मुलगी. नव्या जोडप्याने न्यू टाउनमध्ये छानसं घर घ्यावं, हे कुणालाही सुचलं असतं. ते दोघं मात्र १८८७ मध्ये जुन्या वस्तीतल्या जेम्स कोर्ट नावाच्या चौकात राहायला गेले. शंभरेक वर्षांपूर्वी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याच चौकात राहायचे; आता तिथं घाण आणि ओल होती.

नातेवाइकांना काय वाटलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. पण गेडिसचं गणित सरळ होतं. ज्या वस्तीतून सगळे बाहेर पडताहेत, ती सुधारायची तर कुणीतरी आत यायला हवं.

त्यांनी सुरुवात केली झाडूपासून. चौक साफ केला, भिंतींना रंग दिला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या लावल्या. शेजाऱ्यांना हाताशी घेतलं. ज्या इमारती दुरुस्त होण्यासारख्या होत्या त्या दुरुस्त केल्या. जिथं इलाजच नव्हता तेवढाच भाग पाडला आणि त्या रिकाम्या जागेतून उजेड आत घेतला. या पद्धतीला त्यांनी पुढे नाव दिलं कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी, म्हणजे होईल तितकं वाचवून केलेलं ऑपरेशन.

हॉस्टेल नावाचं औषध

आता तुमच्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. वस्तीत पुन्हा चहलपहल आणायला गेडिसनी पहिल्यांदा कुणाला आणलं असेल? विद्यार्थ्यांना! १८८७ मध्येच त्यांनी जुन्या वस्तीत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. त्याचा कारभार विद्यार्थीच बघायचे. वर रेक्टर नाही, नियमांची पाटी नाही.

यामागे विचार होता. विद्यार्थी आले की खाणावळ चालते, दिवाबत्तीची दुकानं चालतात, रात्री उशिरापर्यंत खिडक्यांत उजेड असतो. आणि शिकणाऱ्या मुलांना पुस्तकाबाहेरचं शहर रोज दिसतं. पाठोपाठ किल्ल्याला लागून रॅमसे गार्डन ही रंगीबेरंगी वसाहत उभी राहिली. तिथं प्राध्यापक, कलावंत राहायला आले. स्वतः गेडिस कुटुंबही तिथं गेलं.

१८९२ मध्ये त्यांनी जवळचाच एक मनोरा घेतला. त्याच्या माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता, म्हणजे भिंगं आणि आरशाच्या मदतीने बाहेरचं जिवंत दृश्य आतल्या टेबलावर पाडणारी अंधारी खोली. पाहुण्यांना ते आधी थेट वर न्यायचे. आपलं शहर आधी डोळे भरून बघा, मग एकेक मजला उतरत जा: एडिंबरा, स्कॉटलंड, पुढे युरोप आणि सगळ्यात खाली जग. आपली गल्ली समजल्याशिवाय जग समजत नाही, हे त्यांनी जिन्याच्या पायऱ्यांवरून शिकवलं. हा आउटलुक टॉवर आजही पर्यटकांनी भरलेला असतो.

सगळं गोडगोड होतं असं समजू नका. पैशांच्या बाबतीत गेडिस म्हणजे आनंदीआनंद! एक काम पुरं व्हायच्या आत दुसरी इमारत विकत. शेवटी १८९६ मध्ये त्यांचे मित्र आणि हितचिंतक पुढे आले आणि एक कंपनी काढून त्यांनी हा पसारा ताब्यात घेतला. भाषण करताना ते दाढीत पुटपुटायचे. मागच्या बाकांवर काही ऐकू यायचं नाही. आणि रॅमसे गार्डनमधली घरं गरिबांना परवडणारी नव्हतीच. जुनी पेठ देखणी झाली की भाडं वाढतं आणि मूळ रहिवासी बाहेर फेकला जातो, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही सुटलेला नाही.

बोट बुडाली, माणूस आला

१८८८ पासून डंडीच्या कॉलेजात त्यांना वनस्पतिशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं होतं. अट मजेशीर होती: वर्षातले फक्त तीन महिने शिकवायचं. उरलेला वेळ शहरांना. नकाशे, चित्रं, फोटो जमवून त्यांनी शहरांवरचं मोठं प्रदर्शन उभं केलं. १९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना भारतात बोलावलं. गेडिस निघाले, प्रदर्शन दुसऱ्या बोटीने निघालं. पहिलं महायुद्ध पेटलं होतं. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडवली. कितीतरी वर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी! मायदेशातल्या मित्रांनी धावपळ करून दुसरं प्रदर्शन पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला ते मद्रासमध्ये लागलंसुद्धा.

मग साठी ओलांडलेला हा माणूस आपल्या शहरांतून पायी फिरू लागला. बडोदा, लखनौ, लाहोर आणि अशी कितीतरी गावं. तेव्हाच्या अधिकाऱ्यांची पद्धत ठरलेली: टेबलावर नकाशा पसरायचा, पट्टी ठेवायची आणि दाट वस्तीतून सरळ रेघ मारायची. रेघेखाली किती घरं आली, हा त्यांचा प्रश्न नसायचा. गेडिस ती वस्ती घरोघर बघायचे. पडकं घर कोणतं, वापरात नसलेली जागा कोणती, विहीर कुठे, वड-पिंपळ कुठे, देऊळ कुठे, याची नोंद करायचे. मग दोन-चार पडकी घरं काढून छोटे चौक मोकळे करायचे, ते एकमेकांना जोडायचे, झाडं राखायची. कमी खर्च, आणि कमी माणसं बेघर. अंगणातलं तुळशीवृंदावन बघून ते खूश व्हायचे. जिथं रोज सकाळी वृंदावनाभोवती झाडलोट होते, त्या घराला स्वच्छता शिकवायला साहेब कशाला हवा?

१९१७ साल त्यांच्यासाठी काळं ठरलं. एप्रिलमध्ये मोठा मुलगा अ‍ॅलस्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. अ‍ॅना तेव्हा भारतातच विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती. गेडिसनी ती बातमी तिला कळूच दिली नाही. जूनमध्ये तीही गेली. जेम्स कोर्टमधला पहिला झाडू जिच्या सोबतीने मारला, तीच उरली नाही.

इंदूरची दिवाळी

यानंतर ते होळकरांच्या इंदुरात कामाला लागले. शहराला प्लेगची धास्ती. लोक घाबरलेले, आणि गल्लीबोळातून नकाशे घेऊन फिरणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाबद्दल संशय. आता काय करायचं? दंड लावायचा? फर्मान काढायचं?

गेडिसनी दिवाळीची मिरवणूक मागितली. दवंडी पिटली गेली की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यात जास्त साफ आणि दुरुस्त झालेली असतील, तिथूनच जाईल. केरकचरा फुकट उचलून नेण्याची सोय केली. झालं! प्रत्येक आळीला वाटायला लागलं, मिरवणूक आपल्या दारावरून गेली पाहिजे. हजारो गाड्या कचरा निघाला. घरांना रंग लागले, बिळं बुजली, उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत हत्ती होते, घोडदळ होतं, घाणीचे राक्षस होते, प्लेगचा भलाथोरला उंदीर होता. आणि त्यामागून, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, फुलं लावून, शहराचे सफाई कामगार चालत होते. ज्यांची सावलीही टाळली जायची त्यांना वाजतगाजत, मानाने, मधोमध. त्यानंतर लक्ष्मी. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले, घरोघर लावायला तुळशीची रोपं वाटली. ही हकिकत गेडिस पुढे आवडीने सांगत. आजच्या स्वच्छ इंदूरचं श्रेय त्यांना देणं चुकीचं ठरेल. पण शहर हुकमाने नाही, उत्साहाने साफ होतं, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं. इंदूरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला आणि त्याची सूत्रं गेडिसकडे आली. त्यांच्या वर्गात मालवणचा एक तरुण बसायचा, गोविंद सदाशिव घुर्ये. पुढे याच घुर्यांनी विभागाची धुरा घेतली आणि भारतीय समाजशास्त्राची एक पिढी घडवली. तब्येतीने साथ सोडली तेव्हा १९२४ मध्ये गेडिस परतले आणि फ्रान्समधल्या माँपेलिए इथं विद्यार्थ्यांसाठी, अर्थातच, आणखी एक वसतिगृह उभारू लागले. तिथंच १७ एप्रिल १९३२ ला त्यांचं निधन झालं. आपल्याकडच्या त्यांच्या कितीतरी अहवालांवर दप्तरात धूळच बसली. एडिंबऱ्याच्या ज्या जुन्या वस्तीत राहायला जाणं वेडेपणाचं होतं, ती मात्र न्यू टाउनसह १९९५ पासून जागतिक वारसा आहे.

आता तुमच्याकडे या. पुढच्या रविवारी मॉलऐवजी आपल्या जुन्या पेठेत जा. चार मित्र, एक वही. किती दुकानं बंद, किती चालू? वरच्या मजल्यावर कोण राहतं, भाडं किती, पाणी किती वाजता येतं? कोणता वाडा दुरुस्त होईल आणि कोणता खरंच धोकादायक आहे? सोडून गेलेले का गेले, आणि राहिलेले का राहिले? पालिकेचा विकास आराखडा येतो तेव्हा त्यावर हरकती आणि सूचना नोंदवायची मुदत असते. ती वही घेऊन तिथं गेलात, तर तुमच्या बोलण्याला वजन येईल. त्यासाठी कुठलीही डिग्री लागत नाही.