देह आणि देही : आचार्य शांतिसागर महाराजांचे जीवन

दिगंबर मुनिपरंपरा क्षीण झालेली असताना तिला पुन्हा उभारी देणारे प. पू. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागरजी महाराज यांचा जन्म १८७२ साली येळगूळ या आजोळच्या गावी झाला. घराणे भोज येथील पाटलांचे. वेदगंगा-दूधगंगेच्या संगमाजवळचे हे गाव बेळगाव जिल्ह्यात येते. पिता भीमगौडा, माता सत्यवती आणि मुलाचे नाव सातगौडा. तत्कालीन रूढीप्रमाणे नवव्या वर्षी विवाह झाला; परंतु ती बालिका लवकरच निवर्तली आणि सातगौडांनी पुन्हा विवाहाचा विचार केला नाही. वैराग्य बालपणापासूनचे असले तरी आई-वडिलांच्या हयातीत त्यांनी घर सोडले नाही. चाळिशी उलटल्यावर उत्तूर येथे क्षुल्लक दीक्षा, १९२० साली यरनाळ येथे देवेंद्रकीर्ती महाराजांकडून मुनिदीक्षा आणि १९२४ साली समडोळी येथे आचार्यपद, असा हा क्रम आहे.

महाराजांच्या विहारांची, चातुर्मासांची व उपवासांची गणती चरित्रग्रंथांत विस्ताराने आढळते. उपवासांचीच संख्या साडेनऊ हजारांहून अधिक भरते. मात्र केवळ आकड्यांनी या जीवनाचा उलगडा होत नाही. देह म्हणजे मी नव्हे, हे तत्त्व आपण सारे प्रवचनात ऐकतो आणि मंडपाबाहेर येताच गुडघेदुखीविषयी बोलू लागतो! महाराजांनी ते तत्त्व देहावरच पडताळून पाहिले. कोन्नूरच्या गुहेत ध्यानस्थ असता सर्प अंगावर चढला आणि बराच काळ राहिला, तरी ते अविचल राहिले, हा प्रसंग त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात.

येथे तत्त्वाचा थोडा खुलासा आवश्यक आहे. जैन दर्शनात जीवाचे लक्षण उपयोग, म्हणजे जाणणे व पाहणे, हे होय. स्पर्श, रस, गंध, वर्ण हे पुद्गलाचे गुण. सतराव्या शतकात युरोपात देकार्तने मन व शरीर अशी फाळणी केली आणि ज्याला विस्तारच नाही ते मन शरीराला हलविते कसे, हा पेच मागे ठेवला. आपल्या आचार्यांनी रेषा निराळ्या ठिकाणी ओढली. द्रव्यमन हेही पुद्गलच. आणि जीव विस्ताररहित नसून दिव्याच्या प्रकाशाप्रमाणे देहाएवढा संकोच-विस्तार पावणारा आहे. कर्मपुद्गलांशी त्याचा बंध अनादी आहे. त्यामुळे दोन परकी द्रव्ये प्रथम भेटली कशी, हा प्रश्न येथे उद्भवत नाही. बंध सुटतो कसा, हाच खरा प्रश्न ठरतो.

कोकणातील वाचकांनी हेदवीची बामणघळ पाहिली असेल. भरतीचे पाणी कातळाच्या त्या अरुंद चिरेत घुसून उंच उसळते, तेव्हा घळच गर्जते आहे असे वाटते. गर्जना पाण्याची, आकार घळीचा. दृष्टांत येथवरच घ्यावा. ओहोटीचे पाणी समुद्रात मिसळून जाते. जैन मताने मुक्त जीव कशातही विलीन होत नाही, तो स्वतंत्रच राहतो.

महाराजांचे या तत्त्वावरील प्रेम ग्रंथरक्षणातही दिसते. जीव व कर्म यांचे सूक्ष्म विवेचन करणारे धवलादी सिद्धांतग्रंथ नष्ट होऊ नयेत म्हणून ते ताम्रपटांवर कोरवून घेण्याची प्रेरणा त्यांनी दिली. हे ताम्रपट फलटण येथे जतन केले आहेत.

वृद्धापकाळी दृष्टी मंदावली. पायाखालचा जीव दिसत नसेल तर ईर्यासमिती पाळणार कशी? मुनीला हा प्रश्न डोळ्यांचा नसून व्रताचा असतो. १४ ऑगस्ट १९५५ रोजी कुंथलगिरी या सिद्धक्षेत्री त्यांनी यमसल्लेखना स्वीकारली आणि त्याच महिन्यात जयपूर येथे असलेल्या वीरसागर मुनींना आचार्यपद दिले. सल्लेखनेला आत्महत्या म्हणणारा पक्ष आजही आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ साली तसाच निर्णय दिला व सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्यास स्थगिती दिली. प्रस्तुत लेखकास वाटते की आत्महत्येत देह असह्य झालेला असतो. महाराजांना देहाचा राग नव्हता, त्यांनी त्याला व्रतासाठी वापरले आणि तो व्रताला उपयोगी उरला नाही तेव्हा त्याचे पोषण थांबविले. तरीही शंका घेणाऱ्यांना उत्तर देणे समाजाचे काम आहे. नुसत्या जयघोषाने ते भागत नाही.

सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबर रोजी, महाराजांचा अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित करण्यात आला. पोटात अन्न नसलेल्या त्र्याऐंशी वर्षांच्या त्या तपस्व्याने साध्या मराठीत जीव वेगळा व पुद्गल वेगळा हेच समजावले, आत्मचिंतन करण्यास सांगितले आणि संयमाला भिऊ नका असा धीर दिला. आवाज थकलेला होता, विचारांची संगती मात्र शाबूत होती. त्यानंतर दहा दिवसांनी, १८ सप्टेंबर १९५५ रोजी प्रातःकाळी, छत्तिसाव्या दिवशी त्यांनी कुंथलगिरीवर देह ठेवला.