परका पाहुणा मराठीच्या घरी : फादर थॉमस स्टीफन्स



आपल्या खटाव-माणमधील तरुण गलाईच्या कामासाठी परप्रांतात जातात. गाडीतून उतरल्यावर दुकानाची पाटी वाचता येत नाही, भाकरी मिळत नाही, कोण काय बोलतो ते उमगत नाही. आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते याहून कितीतरी लांब गेले आणि परत मायदेशी आले नाहीत.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. तेथे त्या काळी कॅथलिकांचा छळ होत होता. ते रोमला गेले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज सुटले. साडेसहा महिने नुसता समुद्र! दीडशेच्या आसपास माणसे आजारी पडली, सत्तावीस दगावली. जमीन जवळ आल्याच्या खुणा म्हणजे आधी पक्षी, मग पाण्यावर तरंगणाऱ्या माडाच्या झावळ्या आणि पोहणारे साप. २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले.

सतराव्या दिवशी त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. प्रवास कसा झाला, इथली माणसे दिसतात कशी, पितात काय, सगळे त्यात आहे. पुढे भावाला लिहिताना त्यांनी माडाचे वर्णन केले. एकाच झाडापासून तेल, ताडी, साखर, शिरका आणि दोरखंडसुद्धा! ज्याने नारळ कधी पाहिला नाही त्याला तो समजावून सांगण्याची ही धडपड आम्हाला फार आवडते.

मात्र हे दुसरे पत्र १५८३ सालचे आहे, हे विसरू नये. त्याच वर्षी २५ जुलैला कुंकळ्ळी येथे त्यांचे पाच येशूसंघीय सोबती मारले गेले. पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती, त्याचा राग गावकऱ्यांच्या मनात होता. सोबत्यांचे देह आणण्याच्या कामात स्टीफन्सही होते. आणि तीनच महिन्यांनी ते भावाला कळवतात, की इथल्या भाषांचे उच्चार कानाला गोड लागतात, त्यांची घडण ग्रीक-लॅटिनच्या जवळची आहे. आपली पोरे कंटाळून घोकतात त्या बाराखडीचेही त्यांना नवल वाटले होते! ज्यांनी आपली माणसे मारली त्यांच्याच मुलखातल्या बोलीत त्या दिवसांत सौंदर्य दिसावे, हे सोपे नव्हते.

पुढची सारी हयात त्यांनी मुख्यतः साष्टीत काढली. नवख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, हाती गोड असे काही उरले नव्हते. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी कोकणीची छटा असलेल्या मराठीत, ओवी छंदात, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते रायतूरला रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरी खिळे नव्हते. १६१९ साली ते प्रभूघरी गेले.

१६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषा सोडण्याचे फर्मान काढले. पण क्रिस्तपुराण लोकांनी हाताने उतरवून ठेवले होते. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या, आणि अशाच पोथ्यांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले.