रस्त्यांचे कैवारी

वैनगंगेच्या परिसरातील आसगावसारख्या खेड्याला रस्त्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. रस्ता चांगला असला, तर शेतकऱ्याचे धान वेळेवर बाजारात पोहोचते. तो पावसात उखडला, की आजाऱ्याला दवाखाना गाठणेही कठीण होते. रस्त्यांचा भार एकट्या स्थानिक संस्थांवर न टाकता साऱ्या देशाने उचलावा, हा विचार ठामपणे मांडणारे थोर महाराष्ट्रीय म्हणजे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर होत.

त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ रोजी झाला. १९०५ साली ते बॅरिस्टर झाले. मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी कीर्ती मिळविली आणि पुढे ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद झाले.

तो काळ रस्त्यांच्या दुर्दशेचा होता. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या. बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी रस्त्यावरील खडी भरडली जाई आणि वेगाने धावणाऱ्या मोटारी तिची भुकटी उडवून देत. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ साली सरकारने जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जयकर स्थापत्यशास्त्री नव्हते. परंतु प्रश्नाच्या मुळाशी जाण्याची वकिली दृष्टी त्यांच्यापाशी होती. केवळ पैसा पुरणार नाही, ज्ञानही हवे, हे समितीने ओळखले. १९२८ च्या अहवालात तिने पेट्रोलवर जादा कर, रस्तेतज्ज्ञांची संस्था आणि संशोधनाची सोय सुचविली. त्यानुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि १९५२ मध्ये दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली.

पुढे १९४८ ते १९५६ या काळात जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. १० मार्च १९५९ रोजी ते निवर्तले.

रस्त्याला ज्ञानाची गरज किती, हे वाळूच्या उदाहरणावरून कळते. डांबरी मिश्रणात खडीमधील पोकळी भरण्यास बारीक कण लागतात. नदीची वाळू त्या कामी येते. पण तिचा बेसुमार उपसा झाला, की नदीचे पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणी आटते. म्हणून दगड भरडून केलेली वाळू वापरतात. नदीच्या वाळूचे कण प्रवाहात घासून गोलसर झालेले असतात, ते एकमेकांवरून घसरतात. भरडलेल्या वाळूचे कण कोनदार असतात, ते एकमेकांत घट्ट अडकतात. त्यामुळे रस्ता अवजड गाड्यांखाली सहसा दबत नाही. मात्र त्या वाळूत धूळ अधिक झाली, तर ती डांबर शोषून घेते आणि रस्ता लवकर भेगाळतो. म्हणून ती चाळून, पारखून घ्यावी लागते. वीजकेंद्रातील कोळशाची बारीक राखही योग्य प्रमाणात या मिश्रणात भर म्हणून चालते.

जयकरांनी स्वतः खडी फोडली नाही की डांबर उकळले नाही. परंतु रस्ता आधी अभ्यासावा आणि मग बांधावा, ही दृष्टी त्यांच्या समितीने देशाला दिली. नदी राखून रस्ता बांधणे, हे त्याच दृष्टीचे आजचे कार्य होय.