सेंट्रल पार्कवाल्या ओल्मस्टेडने बॉस्टनमध्ये पुरासाठी जागा राखून ठेवली होती

हॉलिवूडचे पिक्चर बघत असाल तर न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क तुम्ही पाहिलेलंच आहे. वाटतं, शहर वाढलं आणि मधलं रान तसंच राहिलं. पण तसं नाहीये. ही ८४३ एकर जागा माणसांनी घडवली आणि त्यामागचा गडी होता फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. लँडस्केप आर्किटेक्चरमधला बाप माणूस.

जन्म १८२२ चा, हार्टफर्डचा. डोळ्यांच्या त्रासामुळे कॉलेज हुकलं. मग शेती केली, पत्रकारिता केली, दक्षिणेत फिरून गुलामगिरीवर लिहिलं. १८५७ मध्ये पार्कच्या कामावर देखरेखीची नोकरी लागली आणि पुढच्याच वर्षी कॅल्व्हर्ट वॉक्ससोबत त्याने डिझाईनची स्पर्धा जिंकली. (या जागेवरची सेनेका व्हिलेज ही बहुतांश कृष्णवर्णीयांची वस्ती त्याआधीच उठवली होती, हेही सांगायला हवं.)

नाव सेंट्रल पार्कने झालं, पण त्याचं डोकं कळतं ते बॉस्टनच्या कामात.

तिथल्या बॅक बे भागात मडी नदी गटाराचं पाणी घेऊन यायची. ओहोटीला चिखल उघडा पडला की नाक धरायची वेळ. शहराला पार्क हवं होतं. ओल्मस्टेडने आधी पाण्याचा हिशोब मांडला. गटाराला वेगळी वाट, भरतीचं पाणी आत घ्यायला गेट आणि मधोमध खारी दलदल. काठाला खाऱ्या पाण्यात तगणारी झाडं. मोठा पाऊस झाला तर पाणी पसरायला मोकळी जागा. बघणाऱ्याला सगळं आपोआप उगवलेलं वाटावं, पण आखणी मात्र माणसाची. थोडक्यात, पार्क म्हणजे शहराची ड्रेनेज सिस्टीमच होती.

म्हातारपणी त्याची स्मृती गेली. शेवटचे दिवस मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये काढले. याच हॉस्पिटलच्या आवाराबद्दल कधीकाळी त्याचा सल्ला घेतला होता. १९०३ मध्ये तो गेला.

१९१० मध्ये चार्ल्स नदीवर धरण झालं. भरती आत यायची थांबली, पाणी गोडं झालं आणि खाऱ्या पाण्यातली झाडं मेली. पुढे मडी नदीचा एक तुकडा पाईपात घालून वर पार्किंग केलं.

ऑक्टोबर १९९६ मध्ये धो धो पाऊस पडला. फुगलेल्या नदीचं पाणी थेट केनमोरच्या भुयारी रेल्वे स्टेशनात शिरलं. २०१३ नंतर तो पाईपातला तुकडा उकरून नदी पुन्हा उघड्यावर आणली गेली.