बहिणाबाईंचा संसार

थोरामोठ्यांची चरित्रे वाचताना एक गोष्ट माझ्या नेहमी लक्षात येते. लढाया, तुरुंगवास, सभा-संमेलने, परदेशगमन यांनी ती पाने भरलेली असतात. पण त्या थोर माणसाच्या घरी पहाटे उठून दळण कोण दळी, ओल्या लाकडांवर चूल कोण पेटवी, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. आज मी जिच्याविषयी लिहायला बसलो आहे तिच्या आयुष्यात यांपैकी एकही मोठी घटना घडली नाही. तिला लिहिता-वाचताही येत नव्हते. चूल, घरोट, शेत, गोठा, माहेरची वाट आणि सासरचा उंबरठा एवढेच तिचे जग. परंतु घरातल्या साध्या दिवसाचे चित्र तिच्याइतक्या जिव्हाळ्याने, आणि गालातल्या गालात हसत, मराठीत फार थोड्यांनी रेखाटले असेल. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांचीच ही गोष्ट आहे, हे वाचकांनी ओळखले असेलच.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या असोदे या गावी महाजनांच्या घरी झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भीमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ; अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. म्हणजे खेळायला सवंगडी शोधायला गावात जायलाच नको! त्या वेळी जळगाव हा निराळा जिल्हा नव्हता. सारा खानदेश एक होता आणि त्याचा कारभार धुळ्याहून चाले; पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग पुढे १९०६ साली पडले. घर शेतकऱ्याचे आणि खाऊनपिऊन सुखी. सणवार, आखाजीचे झोके, पोळ्याला रंगवलेली बैलांची शिंगे या साऱ्यांत तिचे बालपण गेले. शाळेची पायरी मात्र तिने चढली नाही. त्या काळी शेतकऱ्याच्या मुलीला शाळेत घालावे असे फार थोड्यांच्या मनात येई.

वयाच्या तेराव्या वर्षी तिचे लग्न जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले. असोदे ते जळगाव हे अंतर ते किती! सकाळी निघालेला माणूस भाकरीच्या वेळेपर्यंत सहज पोचेल. पण सासुरवाशिणीला ती वाट एकदम लांब होते. बहिणाबाईंनी या वाटेवर गाणे केले आहे. माहेरच्या ओढीने भराभर चालताना पायाला ठेच लागते, तर वाटेतला दगडच तिला समजावतो की बाई, जरा सावकाश जा, मीही तुझ्या माहेरच्याच वाटेवरचा आहे. ठेच लागल्यावर आपण दगडाला शिव्या देतो. या बाईने त्याला माहेरच्या नातलगांत जमा करून टाकले. बहिणाबाईंचा विनोद असा असतो. तो कोणाला टोचत नाही, आणि हसता हसता डोळ्यांच्या कडा ओल्या करतो.

चौधऱ्यांचे कुटुंब मोठे होते. अशा घरात सुनेच्या वाट्याला काय येते हे खेड्यातल्या वाचकांना सांगायला नको. पहाटेचे दळण, न्याहारीची भाकरी, शेतातली निंदणी, कापणी, उपणणी आणि संध्याकाळी पुन्हा चूल. बहिणाबाईंची गाणी याच कामांतून आली. घरोटातून जसे पीठ पडते तसे आपल्या पोटातून गाणे ओठी येते, अशा अर्थाचे त्यांनीच सांगून ठेवले आहे. चूल पेटत नाही, घरभर धूर कोंडला आहे, या रोजच्या वैतागाचेही त्यांनी गाणे केले. खळ्यावर उपणायला उभे राहावे आणि वारा पडावा, हा शेतकऱ्याचा नेहमीचा अनुभव. बहिणाबाई वाऱ्याला हाक मारतात ती मारुतीचा बाप म्हणून. जणू शेजारच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला मदतीला बोलवावे. पुराणातले देव त्यांच्या अंगणात असे सहज येऊन बसतात.

‘संसार’ हे त्यांचे गाणे तर महाराष्ट्रभर गाजले. संसार चुलीवरच्या तव्यासारखा आहे, आधी हाताला चटके आणि मग भाकर, हा त्यातला विचार. स्वयंपाकघरात वावरलेल्या माणसालाच तो सुचू शकतो. मनाविषयी बोलताना त्या पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुराचा दाखला देतात, आणि सुगरणीचा खोपा पाहून आपल्याला विचारात पाडतात की त्या पाखराला नुसती चोच, तुला तर दोन हात आणि दहा बोटे. मानसशास्त्राच्या तासाला मनावरची पुष्कळ व्याख्याने मी ऐकली, परंतु परीक्षेनंतरही लक्षात राहिली ती ओढाळ गुराचीच उपमा.

या संसारावर पहिला मोठा घाव पडला तो बहिणाबाईंच्या ऐन तिशीत. नथूजी गेले. पदरात मुलगी काशी आणि दोन मुलगे, ओंकार व सोपान. सोपानदेवांचा जन्म १९०७ चा, म्हणजे ते अगदीच लहान. प्लेगच्या साथीत ओंकारला कायमचे अपंगत्व आले. पूर्वीची सुबत्ता ओसरली होती. अशा वेळी दुःखाचे गाणे कोणीही करील. बहिणाबाईंनीही केले, पण त्यातला सूर पाहण्यासारखा आहे. कपाळीची कर्माची रेघ कुंकवाखाली झाकली होती, कुंकू पुसले आणि ती उघडी पडली, असे त्या म्हणतात. आणि लगेच सांगतात की बांगड्या फुटल्या तरी मनगटातले कर्तृत्व शिल्लक आहे. सांत्वनाला आलेल्या बायाबापड्यांनी तिची कीव करावी हे तिला नको आहे. हात पाहायला आलेल्या ज्योतिषालाही ती दारातूनच वाटेला लावते. आपले दैव आपल्याला कळते, त्यासाठी त्याने उंबरा झिजवू नये. या बोलण्यात दुःख आहेच, पण खानदेशी बाईचा फटकाही आहे.

मला सर्वांत आवडते ते योगी आणि सासुरवाशीण यांचे गाणे. सासरी नांदणारी बाई सारखे माहेराचेच गोडवे गाते, तेव्हा योगी तिला विचारतो की माहेर एवढे चांगले तर तू सासरी आलीस कशाला? त्यावर ती उत्तर देते की लेकीला माहेर मिळावे म्हणूनच आई सासरी नांदत असते. घरोघरच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या जे सोसले त्याचा सारा हिशेब या एका उत्तरात आहे. योगी निरुत्तर होतो, आणि माझ्यासारख्या वाचकाला आपल्या आईचे माहेर आठवते. माझी आई आखाजीला माहेरी जाते ते चारच दिवस. उरलेले वर्ष ती माझ्या बहिणीचे माहेर सांभाळत असते, हे मला त्या गाण्याने दाखवले.

जळगावाला त्या काळी छापील कवितेचाही मोठा मान होता. नारायण नरसिंह फडणीस यांचे ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक १८८७ ते १९३५ पर्यंत याच गावातून निघत होते. बहिणाबाईंनी छापखाना पाहिला आणि त्यावरही गाणे रचले. कोरा कागद छापून निघाला की शहाणा होतो, माणूस मात्र होता तसा वेडाच राहतो, हा त्यातला चिमटा. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नव्हते तिने छापील शहाणपणाची केलेली ही थट्टा आम्हा पदवीच्या विद्यार्थ्यांनी जरा मनावर घेण्यासारखी आहे!

ही गाणी आपल्यापर्यंत पोचली कशी, याची कथा मला त्यांच्या जीवनाइतकीच महत्त्वाची वाटते. सोपानदेव शाळेत शिकत असताना त्यांच्या पुस्तकात सावित्रीची गोष्ट होती. ती त्यांनी घरी वाचून दाखवली आणि आईने तिचे गाणे करून ऐकवले, असे सांगतात. मुलाच्या ध्यानात आले की आई जे कामाच्या नादात गुणगुणते ते काही साधेसुधे नाही. मग सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तशी, जमेल तेव्हा ती गाणी उतरवून घेतली. पुढे सोपानदेव स्वतः नामवंत कवी झाले. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावी बहिणाबाईंनी जगाचा निरोप घेतला. त्यानंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्रे यांना दाखवले. हे धन महाराष्ट्रापासून लपवून ठेवता येणार नाही, असे अत्र्यांनी बजावले, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटातून ती गाणी घरोघरी पोचली.

आता जरा विचार करू. ओव्हीमागून ओवी जात्यावर गायली गेली आणि पिठाबरोबर उडून गेली, अशी किती वर्षे गेली असतील? बहिणाबाईंनी रचलेले सारेच काही वहीत आले नाही. ज्या वेळी लिहिणारा जवळ होता त्या वेळचे तेवढे राहिले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली. ते १९२६ साली धुळ्यात वारले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. कागदांचे भाग्य असे की त्यांना राजवाडे भेटले. पण ज्यांच्या घरी कागदच नव्हता, ज्यांचे दप्तर म्हणजे घरोटाचा खुंटा आणि चुलीपुढचा पाट, त्यांच्याकडे कोणी जायचे? बहिणाबाईंना पोटचा मुलगा भेटला म्हणून त्या राहिल्या. ज्यांचा सोपान शिकला नाही, किंवा शिकला आणि आईच्या बोलीला लाजू लागला, त्या आयांचे काय झाले?

लाजण्याचा हा मुद्दा मी मुद्दाम काढतो. बहिणाबाईंची भाषा म्हणजे आपल्या भागातली लेवा गणबोली. तिकडे धुळ्याच्या बाजूला अहिराणी. घरी आपण हीच बोलतो. मात्र वर्गात चुकून कोणाच्या तोंडून ‘माले’, ‘तुले’ गेले की मागच्या बाकावरून हसू येते, आणि तो विद्यार्थी पुन्हा वर्षभर तोंड उघडत नाही. गंमत अशी की त्याच वर्गात, त्याच तासाला, बहिणाबाईंची कविता अभ्यासाला असते, आणि तिच्यातले ‘माले’ सर्वांना गोड वाटते. पुस्तकात छापले की बोली सुंदर, आणि शेजाऱ्याच्या तोंडी आली की गावंढळ? छापून निघालेल्या कागदाविषयी बहिणाबाई जे म्हणाल्या ते येथे पुन्हा आठवते.

१९९० साली जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ साली त्याला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील आम्हा मुलामुलींच्या गुणपत्रिकांवर आता ते नाव असते. जिने शाळा पाहिली नाही तिच्या नावाने आम्ही पदवीधर होणार. हा मान योग्यच आहे. पण गुणपत्रिका कपाटात ठेवण्यापलीकडे आपले आणखी एक काम उरते.

आमच्या घरचे घरोट आता अंगणात पालथे पडले आहे. दळण गिरणीत जाते. आजीला मात्र त्यावरची पंधरा-वीस गाणी अजून येतात. दोन-तीन तर अशी खट्याळ आहेत की ती म्हणताना ती पदर तोंडाला लावते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून मी ती वहीत उतरवून घेऊ लागलो आहे. अक्षर तसेच, बोली तशीच, शुद्ध करण्याचा प्रयत्न न करता. त्यांत बहिणाबाईंच्या तोडीचे काही निघेल असा माझा मुळीच दावा नाही. मात्र निघणार की नाही, हे उतरवून घेतल्याशिवाय कळायचे तरी कसे? प्रत्येकाच्या घरी एखादी आजी, आत्या, मावशी आहे. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाण्यांना ऊत येतो. या वर्षी मित्रमैत्रिणींनी झोक्याजवळ जाताना एक वही आणि पेन्सिल बरोबर न्यावी, एवढीच माझी विनंती आहे.